प्रेमासाठी स्वतःला किती बदलावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन बाजूंनी येतात. काहींना जोडीदार बदलायला सांगत असतो, तर काहींना जोडीदारच बदलायला हवा असतो. बऱ्याचदा एकच माणूस सकाळी एका बाजूला असतो आणि संध्याकाळी दुसऱ्या. उत्तरं लग्न झालेल्यांना, न झालेल्यांना आणि समलिंगी जोडप्यांनाही सारखीच लागू आहेत. मात्र तुम्हाला जोडीदाराची भीती वाटत असेल, तर आधी 'कोणत्या मागण्या धोक्याच्या' आणि त्यापुढचा मारहाणीबद्दलचा, हे प्रश्न वाचा. बाकीची उत्तरं तुमच्या परिस्थितीसाठी लिहिलेली नाहीत.

प्रेमासाठी स्वतःला बदलावं का?

वागणं बदलावं. दोन माणसं एकमेकांच्या आयुष्यात आली की कुणाला झोपेची वेळ, कुणाला बोलण्याचा सूर, कुणाला खर्चाची पद्धत थोडी हलवावी लागते. मनाला अशी मुरड घालण्यात कमीपणा नाही. पण स्वतःचं मत, स्वतःची माणसं आणि 'नाही' म्हणण्याची मुभा सोडून द्यावी लागत असेल, तर त्याला बदल म्हणू नये.

'मी आहे तसा स्वीकार' आणि 'प्रेम असेल तर बदलशील' ही दोन्ही वाक्यं आम्हाला अपुरी वाटतात. पहिल्याच्या आड बऱ्याचदा आळस लपतो, दुसऱ्याच्या आड हुकूम. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. नेमकं काय बदलायचं आहे? ते ठरवलं कुणी? आणि मला जमलं नाही तर काय होईल? तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, पण नात्याची खरी परीक्षा त्यातच होते. 'जमलं नाही तर पुन्हा बसून बोलू' असं उत्तर मिळत असेल तर बदलाचा प्रयत्न करायला हरकत नाही. उत्तर अबोला, धमकी किंवा सोडून जाण्याची भीती असेल, तर मागणी कितीही छोटी असली तरी आधी त्या भीतीबद्दल बोलायला हवं.

माणसात काय बदलू शकतं आणि काय नाही?

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' आणि 'स्वभावाला औषध नाही' या म्हणी अर्ध्याच खऱ्या आहेत. सवय, स्वभाव आणि गाभा असे तीन थर वेगळे केले तर पुष्कळ गोंधळ कमी होतो.

सवय म्हणजे ठरावीक प्रसंगी आपोआप होणारी कृती. जेवताना फोन हातात घेणं, उशीर होणार असेल तर न कळवणं, ओला टॉवेल पलंगावर टाकणं, समोरच्याचं वाक्य तोडून बोलणं. हे बदलतं. वेळ लागतो, पण बदलतं.

स्वभाव म्हणजे चटकन रागावणं, बुजरेपणा, काटेकोरपणा, सतत काळजी करणं. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसतं, की माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकापैकी साधारण ४० ते ५० टक्के फरक आनुवंशिक असतो. म्हणजे उरलेल्याला वाव आहे. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये २०७ अभ्यास एकत्र करून पाहिले. मानसोपचार आणि तत्सम प्रयत्नांनी, सरासरी २४ आठवड्यांत, स्वभावात मोजता येईल इतका फरक पडलेला दिसला. सर्वांत जास्त फरक भावनिक स्थैर्यात होता, म्हणजे घाबरणं, चिडणं, खचणं यांत. म्हणून चिडका माणूस कमी चिडका होईल अशी आशा ठेवता येते. बुजरा माणूस मैफलीचा राजा होईल अशी ठेवू नये. तो तासभर कार्यक्रमात थांबेल, चार लोकांशी बोलेल आणि मग दमेल. त्याच्या परीने ते खूप आहे.

गाभा म्हणजे ज्यावर बाकीचं आयुष्य उभं असतं: मूल हवं की नको, श्रद्धा किंवा अश्रद्धा, लैंगिक कल, ज्या कामात जीव रमतो ते काम, जवळच्या माणसांशी असलेलं नातं. लैंगिक कल ठरवून बदलत नाही आणि तो बदलण्यासाठी केल्या जाणाऱ्या तथाकथित उपचारांनी माणसाला इजाच होते. मुलाच्या प्रश्नाला मधला मार्ग नसतो, कारण अर्धं मूल होत नाही. गाभ्यातली मतं आयुष्यात कधी बदलतच नाहीत असं नाही. पण ती आपल्या अनुभवाने आणि आपल्या वेगाने बदलतात. कुणाला गमावण्याच्या भीतीने बदलल्याचं दाखवलेलं मत काही वर्षांनी परत वर येतं, आणि तोवर दोघांची गुंतवणूक फार वाढलेली असते.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. बहुतेक भांडणं सवयीवरून सुरू होतात, पण शब्द स्वभावाचे वापरले जातात. 'विजेचं बिल भरायचं राहिलं' असं म्हणण्याऐवजी 'तू बेफिकीर आहेस' असं म्हटलं जातं. पहिल्या वाक्यावर आज काहीतरी करता येतं. दुसऱ्यावर करण्यासारखं काहीच नसतं, म्हणून समोरचा स्वतःचा बचाव करत बसतो.

मी मनापासून बदलतोय की दडपणाखाली, हे कसं ओळखायचं?

एमिली इम्पेट आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये जोडप्यांमधल्या छोट्या-मोठ्या त्यागांचा अभ्यास केला. 'त्याला आनंद व्हावा', 'आपण जवळ यावं' म्हणून केलेला त्याग आणि 'वाद नको', 'ती नाराज नको व्हायला' म्हणून केलेला त्याग, असे दोन प्रकार त्यांनी वेगळे केले. कृती तीच असली तरी परिणाम वेगळे दिसले. पहिल्या प्रकारानंतर माणसांना बरं वाटत होतं आणि नात्यात समाधान होतं. दुसऱ्या प्रकारानंतर मन खट्टू होतं आणि खटकेही वाढत होते. वाद टाळण्यासाठी केलेल्या गोष्टीने वादच वाढावा, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

घरी करून पाहायच्या चाचण्या सांगतो. 'मी हे करतोय, कारण…' हे वाक्य मोठ्याने म्हणा आणि त्याचा शेवट काय होतो ते ऐका. जोडीदार महिनाभर दूर असेल तर हा बदल चालू ठेवाल का, ते पाहा. या बदलाबद्दल जवळच्या मित्राला किंवा बहिणीला सांगताना काही भाग गाळावासा वाटतो का? गाळावासा वाटत असेल तर तो भाग कागदावर लिहून काढा, कारण खटकणारी गोष्ट बहुतेक तिथेच असते. आणि घरात शिरण्यापूर्वी आज काय बोलायचं नाही याची मनात उजळणी होते का, तेही तपासा. क्वचित होणं स्वाभाविक आहे. रोज होत असेल तर नाही.

कुणी न सांगताही माणूस प्रेमात बदलतो. त्याचं काय?

तो बदल बहुधा चांगला असतो. आर्थर ॲरन यांनी १९८०च्या दशकात मांडलेल्या कल्पनेनुसार जवळच्या नात्यात माणसाचा 'मी' विस्तारतो. जोडीदाराच्या आवडी, ओळखी, कौशल्यं हळूहळू आपल्या खात्यात येतात. पोहायला शिकणं, नवं संगीत ऐकायला लागणं, पैशांचा हिशेब ठेवायला लागणं, सगळं यातच येतं.

याच्याशी जोडलेली आणखी एक कल्पना आहे. मायकेलअँजेलो दगडात आधीच असलेली मूर्ती मोकळी करायचा, असं म्हणतात. त्यावरून स्टीफन ड्रिगोटास, कॅरिल रस्बुल्ट आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये जोडीदार एकमेकांना कसे घडवतात हे तपासलं. तुम्हाला स्वतःला जसं व्हायचं आहे तसं तुमच्याशी वागणारा जोडीदार असेल, तर तुम्ही तिकडे सरकता आणि नातंही घट्ट होतं. पण मूर्ती दगडातली हवी. जोडीदाराच्या डोक्यातल्या नकाशाप्रमाणे तुम्हाला तासलं जात असेल, तर त्याच घडवण्याची इजा होते. म्हणून प्रेमात पडल्यावर एकदा तरी जोडीदाराला विचारावं: 'तुला स्वतःला पाच वर्षांनी कसं झालेलं आवडेल?' हे माहीत नसताना कुणाला घडवायला जाऊ नये.

जोडीदार म्हणतो, 'तू बदलायला हवं.' लगेच काय उत्तर द्यायचं?

होकारही नको, नकारही नको. आधी मागणी नेमकी करून घ्या. 'तू नीट वागत जा' हे कुणालाच पाळता येत नाही. कोणती कृती, कोणत्या वेळी, आठवड्यातून साधारण किती वेळा, आणि शेवटचं असं कधी झालं, एवढं विचारा. सूर चौकशीचा ठेवा, उलटतपासणीचा नको. मग ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगा: 'म्हणजे मी कामावरून आल्यावर पहिला अर्धा तास फोनवर असतो, त्याचा तुला त्रास होतो. बरोबर?' ही एक पायरी गाळली की पुढचं सगळं बोलणं वेगवेगळ्या गोष्टींवर होतं आणि दोघांनाही ते कळत नाही.

त्यानंतर विचार करायला वेळ मागा, पण तारीख सांगून. 'बघू' म्हणजे नकार असाच अर्थ घेतला जातो. 'शनिवारी सकाळी सांगतो' म्हटलं की समोरचा थांबतो. उत्तर देताना मागणीचे तुकडे करा: एवढं मी आजपासून करेन, एवढं करून पाहेन पण मदत लागेल, आणि एवढं मला पटत नाही, त्याची कारणं अशी. सगळ्याला एकदम हो म्हणणारी माणसं आम्हाला जास्त काळजीत टाकतात. त्या होकारात बहुतेक वेळा विचार नसतो, घाबरणं असतं.

जोडीदारात बदल हवा असेल तर तो कसा सुचवावा?

निकोला ओव्हरऑल आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये जोडप्यांची संभाषणं चित्रित केली आणि पुढे वर्षभर पाठपुरावा केला. थेट बोलणं त्या वेळी दोघांनाही झोंबलं, 'काही उपयोग झाला नाही' असं वाटलं. पण वर्षभरात जास्त बदल त्याच जोडप्यांमध्ये झाला. गोड बोलून, विनोदात गुंडाळून, आडून सुचवलेल्या गोष्टी त्या क्षणी बऱ्या वाटल्या, पण त्यांनी फारसा फरक पडला नाही. तेव्हा थोडं झोंबणार हे धरून चला, आणि स्पष्ट बोला. स्पष्ट म्हणजे कठोर नव्हे, हेही खरं. जॉन गॉटमन आणि सिबिल कारेर यांनी १९९९मध्ये १२४ नवविवाहित जोडप्यांच्या वादांतली फक्त पहिली तीन मिनिटं पाहिली. कोणती लग्नं पुढे मोडतील याचा अंदाज तेवढ्यावरूनही बांधता आला. सुरुवात फटकारून झाली की शेवट क्वचितच वेगळा होतो.

बोलण्याची घडण अशी ठेवा. आधी घडलेली एक गोष्ट, मग तुम्हाला काय वाटलं, मग नेमकी विनंती. 'काल तू दोन तास उशिरा आलीस आणि फोन लागला नाही. मी घाबरलो होतो. अर्ध्या तासापेक्षा जास्त उशीर होणार असेल तर एक मेसेज कर.' एवढंच. यात एकच विषय आहे, एकच प्रसंग आहे, आणि विनंती अशी आहे की ती पाळली गेली की नाही हे दोघांनाही कळेल.

चुकतं कुठे, तर पहिलं म्हणजे 'नेहमी' आणि 'कधीच' या शब्दांत. 'तू कधीच ऐकत नाहीस' म्हटलं की समोरचा ऐकल्याचे तीन प्रसंग शोधायला लागतो. दुसरं, वेळेत. भूक लागलेली असताना, निघायच्या गडबडीत आणि मध्यरात्री बोललेलं वाया जातं. तिसरं, चारचौघांत सांगण्यात, कारण तिथे माणूस मुद्दा ऐकत नाही, अब्रू सांभाळतो. चौथं, जुनी यादी काढण्यात. आणि पाचवी चूक सर्वांत चिवट असते: एकाने पाठ धरायची आणि दुसऱ्याने पाठ फिरवायची. जितकं बोलाल तितकं समोरचा गप्प होतो, आणि तो जितका गप्प होतो तितकं तुम्ही जास्त बोलता. अँड्र्यू ख्रिस्टेन्सन यांनी १९९०च्या सुमारास या चक्राचा तपशीलवार अभ्यास केला. सहसा ज्याला बदल हवा असतो तो मागे लागतो आणि ज्याला आहे तसं चालणार असतं तो टाळतो. चक्र तोडायचं तर मागे लागणाऱ्याने बोलण्याची लांबी कमी करायची (दहा मिनिटं पुरतात), आणि टाळणाऱ्याने पुन्हा कधी बोलणार ती वेळ स्वतःहून सांगायची.

बोलता बोलता छातीत धडधड वाढली, कान तापले, तर थांबा. गॉटमन यांच्या निरीक्षणानुसार नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की माणूस धड ऐकू शकत नाही. किमान २० मिनिटं वेगळे व्हा आणि त्या वेळात मनात भांडण चालू ठेवू नका, नाहीतर २० मिनिटं फुकट. परत यायची वेळ सांगून जा. न सांगता उठून जाणं आणि विश्रांती घेणं यांत समोरच्याला फरक कळत नाही.

सवय बदलायला खरंच २१ दिवस लागतात का?

नाही. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६०मधल्या निरीक्षणातून आला. रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांनी लिहिलं होतं. 'किमान' गळून पडलं आणि आकडा सगळ्या सवयींना चिकटला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी कृती आपोआप होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागले, आणि तफावत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होती. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. म्हणून जोडीदाराला तीन आठवड्यांची मुदत देऊ नका, आणि स्वतःलाही नको.

पद्धत म्हणून 'जर-तर' योजना वापरा. पीटर गोलवित्झर यांनी १९९०च्या दशकात हिचा पुष्कळ अभ्यास केला आहे. 'मी कमी रागावेन' हा संकल्प झाला. 'जर माझा आवाज चढलेला मला ऐकू आला, तर मी वाक्य अर्धवट सोडून पाणी प्यायला उठेन' ही योजना झाली. 'जर'मध्ये दिसणारी किंवा ऐकू येणारी खूण हवी आणि 'तर'मध्ये एकच छोटी कृती हवी. दोघांनी मिळून अशी एक योजना लिहा. एका वेळी एकच, फार तर दोन. पाच गोष्टी एकदम बदलायला घेतल्या की दोन आठवड्यांत पाचही सुटतात.

आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं बसा: काय जमलं, काय नाही, योजनेत काय बदलायचं. अधल्यामधल्या दिवशी टोकू नका. सततची देखरेख सुरू झाली की बदलणारा माणूस सवय मोडण्याऐवजी पकडलं जाणं टाळायला शिकतो.

दोन आठवडे छान जातात आणि मग 'येरे माझ्या मागल्या'. याचा अर्थ प्रेम नाही असा का?

सहसा नाही. थकवा, आजारपण, कामाचा ताण, झोप कमी पडणं, या काळात जुनी सवय पहिल्यांदा परत येते, कारण तिला विचार करावा लागत नाही. पाहायचं ते घसरल्यानंतर काय होतं. माणूस स्वतःहून कबूल करतो का? पुढच्या घसरणींमधलं अंतर वाढतंय का? घसरण आधीपेक्षा लवकर सावरली जाते का? या तिन्हींना 'हो' असेल तर बदल चालू आहे, फक्त सरळ रेषेत नाही.

प्रत्येक वेळी भेटवस्तू, अश्रू, मोठी शपथ आणि नंतर तेच, असं होत असेल तर गोष्ट वेगळी. नेथन हडसन आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये १५ आठवड्यांच्या अभ्यासात लोकांना स्वभाव बदलण्यासाठी छोटी छोटी कामं दिली. काम स्वीकारल्याने काही झालं नाही. ज्यांनी ती पुरी केली, त्यांच्यात फरक पडला.

'लग्नानंतर बदलेल', 'मूल झाल्यावर बदलेल' यावर विश्वास ठेवावा का?

ठेवू नये. लग्न किंवा मूल ताण वाढवतं, आणि ताणाखाली माणूस जुन्या सवयींकडे जातो. जे बदलायला हवं आहे ते आधी निदान तीन-चार महिने कृतीत दिसू द्या, आणि त्यात एखादा कठीण आठवडाही येऊन जाऊ द्या. दिसलं नाही, तर स्वतःला विचारा: हे असंच आयुष्यभर राहणार असेल, तर मला हा माणूस हवा आहे का? उत्तर 'हो' असेल तर आनंदाने राहा आणि मागे लागणं सोडा. 'नाही' असेल, तर तुम्ही ज्याच्यावर प्रेम करताय तो माणूस अजून जन्मलेलाच नाही.

काही भांडणं वर्षानुवर्षं संपतच नाहीत. आमच्यात काही बिघाड आहे का?

नाही. गॉटमन यांच्या संशोधनात जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के मतभेद कायमचे निघाले. त्यांचं मूळ स्वभावात किंवा आयुष्याच्या पद्धतीत असतं, म्हणून ते सुटत नाहीत. एकाला घर नीटनेटकं हवं, दुसऱ्याला चालतं. एकाला माणसं हवीत, दुसऱ्याला शांतता. सुखी जोडपीही तोच वाद पुन्हा पुन्हा घालतात, पण तो घालताना एकमेकांना हसवू शकतात आणि एकमेकांचा अपमान करत नाहीत.

इथे स्वीकाराचा उपयोग होतो. ख्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत बदलाच्या प्रयत्नाइतकंच वजन स्वीकाराला दिलं जातं. गंमत अशी की समोरच्याने दबाव सोडला की पुष्कळ जण स्वतःहून थोडे सरकतात. ढकललं जात असताना पाय रोवून उभं राहणं हा माणसाचा स्वभावच आहे. स्वीकार मात्र वाट्टेल त्या गोष्टीचा नसतो. तो उशिरा येण्याचा, पसाऱ्याचा, अबोल स्वभावाचा असतो. अपमानाचा नसतो.

बदलतो तो फक्त मीच, असं वाटतं. कसं तपासायचं?

वाटण्यावर जाऊ नका, लिहून काढा. गेल्या वर्षभरात तुम्ही काय बदललं आणि जोडीदाराने काय बदललं, असे दोन रकाने करा. प्रत्येक नोंदीपुढे लिहा: कुणी मागितलं, किती किंमत पडली (वेळ, पैसा, माणसं, झोप), आणि समोरच्याच्या लक्षात आलं का. जोडीदारालाही स्वतंत्र यादी करायला सांगा आणि मग अदलाबदल करा. बरेचदा कळतं, की समोरच्याने केलेले तीन-चार बदल आपल्या नजरेतून पूर्ण निसटले होते. ते कळलं की रागाचा निम्मा भाग तिथेच विरतो.

पण याद्या खरोखरच एकतर्फी निघाल्या, तर ते स्पष्ट बोला. रकान्यांची लांबी सारखी असायलाच हवी असं नाही, कारण आजारपणात किंवा नोकरी गेलेल्या काळात एकाचा भार वाढतोच. तो भार कायमचा एकाच खांद्यावर आहे का आणि त्याबद्दल बोलता येतं का, हे बघा.

दिसणं, वजन, कपडे यांबद्दलच्या मागण्या?

आवड सांगणं चालतं: 'तुला निळा रंग छान दिसतो.' अट घालणं चालत नाही. तब्येतीची काळजी असेल तर तब्येतीबद्दल बोला आणि स्वतःही सामील व्हा, सोबत चालायला जा. टोमण्यांनी वजन उतरत नाही, माणूस जोडीदारासमोर जेवणं टाळू लागतो.

कोणत्या मागण्या धोक्याच्या असतात?

ज्या मागण्यांनी तुमचं जग लहान होत जातं, त्या. मैत्रिणींना भेटू नकोस. माहेरी फोन करताना मी समोर असेन. फोनचा पासवर्ड दे, लोकेशन चालू ठेव. पगार माझ्याकडे दे. नोकरी सोड. सुरुवात बहुतेक काळजीच्या भाषेत होते आणि प्रत्येक मागणी सुटी सुटी पाहिली तर किरकोळ वाटते. म्हणून एकेक न पाहता सहा महिन्यांचं चित्र पाहा. सहा महिन्यांपूर्वी ज्यांच्याशी मोकळं बोलत होतात त्यांतल्या किती जणांशी आज बोलता? स्वतःच्या खर्चाला विचारावं लागतं का? नकार दिल्यावर काय होतं?

उत्तरांनी पोटात गोळा येत असेल तर स्वतःला आणखी बदलून हे थांबत नाही. एक मागणी पुरी झाली की पुढची येते, कारण मागणाऱ्याला बदल नको असतो, ताबा हवा असतो. एका विश्वासू माणसाला सगळं सांगा. महत्त्वाची कागदपत्रं आणि थोडे पैसे जोडीदाराच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा. मदत शोधताना जोडीदार पाहू शकेल तो फोन वापरू नका. सोडून जायचं ठरलं तर ते वादाच्या भरात जाहीर करू नका. निघण्याचा काळ सर्वांत जोखमीचा असतो, त्याची आखणी जाणकारांच्या मदतीने करा.

व्यसन आणि मारहाण प्रेमाने सुटते का?

व्यसन सोडायला प्रेम हे निमित्त होऊ शकतं, उपचार होऊ शकत नाही. बाटल्या लपवणं, कामावर खोटं कारण कळवणं, कर्ज फेडणं, यांनी व्यसनाचे परिणाम झाकले जातात आणि दिवस लांबतात. रोज भरपूर दारू पिणाऱ्याला 'माझ्यासाठी आजपासून बंद' अशी शपथ घालू नका. अचानक थांबवल्याने झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग शपथ.

मारहाणीत बदलायची जबाबदारी मारणाऱ्याची असते. तुम्ही कसं बोललात याचा तिच्याशी संबंध नाही. अशा वेळी दोघांनी एकत्र समुपदेशनाला जाणंही सुरक्षित नसतं, कारण तिथे खरं बोलल्याची शिक्षा घरी मिळू शकते. आधी एकट्याने मदत घ्या.

समुपदेशकाकडे कधी जावं आणि किती दिवस?

तोच वाद तीन वेळा नीट बसून बोलूनही जागचा हलला नसेल, किंवा बोलण्यात तुच्छता आली असेल (नक्कल करणं, डोळे फिरवणं, 'तुझी लायकी नाही'), तर थांबू नका. गॉटमन यांच्या अभ्यासात नातं मोडण्याची सर्वांत ठळक खूण हीच निघाली. ख्रिस्टेन्सन यांच्या १३४ जोडप्यांवरच्या मोठ्या अभ्यासात कमाल २६ सत्रांची मर्यादा होती, त्यावरून अंदाज घ्या. पहिल्या भेटीत विचारा: तुमचं जोडप्यांसोबत काम करण्याचं खास प्रशिक्षण आहे का? आमच्यातलं एक वेगळं भेटलं तर ते बोलणं दुसऱ्याला सांगता का? चार-पाच सत्रांनंतरही समुपदेशक एकाचीच बाजू घेतोय असं दोघांपैकी कुणालाही वाटत असेल, तर ते तिथेच बोलून दाखवा, आणि तरी फरक पडला नाही तर समुपदेशक बदला.

नातं संपलं. त्याच्यासाठी केलेल्या बदलांचं आता काय करू? मी मुळात कोण होते हेच आठवत नाही.

एरिका स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये दाखवलं, की नातं तुटल्यावर माणसाला स्वतःबद्दलचं चित्रच धूसर वाटू लागतं आणि विरहाच्या त्रासाचा एक भाग या धूसरपणातून येतो. तेव्हा हे तुमचं वेड नाही.

एका कागदावर त्या नात्यात आलेल्या सगळ्या गोष्टी लिहा: खाण्याच्या सवयी, छंद, कपडे, मतं, बोलण्याची ढब, ज्यांना भेटणं थांबवलं ती माणसं. प्रत्येकीपुढे 'ठेवायचं', 'सोडायचं' किंवा 'माहीत नाही' असं लिहा. सुरुवातीला 'माहीत नाही'च जास्त येईल, येऊ द्या. त्याच्याकडून शिकलेलं पोहणं सोडायची गरज नाही, ते आता तुमचं आहे. जुन्या माणसांपैकी एकाला या आठवड्यात फोन करा, लांबलचक खुलासा न देता: 'बरेच दिवस झाले, भेटूया का?' नात्याआधी करत होतात अशी एक गोष्ट आठवड्यातून दोनदा, अर्धा तास करा. ती लगेच आवडेलच असं नाही, म्हणून निदान सहा आठवडे द्या आणि मगच ठरवा. त्यानंतर यादी पुन्हा काढा. 'माहीत नाही'चे बरेच रकाने तोवर भरलेले असतात.